होडी बांधावी कुठे?

दोस्तांनो, गेटवेवरून लाँचने मांडव्याला गेला असाल, तर गेटवेसमोर शिडाच्या होड्या भर पाण्यात उभ्या दिसल्या असतील. धक्का हाकेच्या अंतरावर, मग तिथे का नाही बांधत?

कारण भरती-ओहोटी! अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात इथलं पाणी सहा तासांत चार मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं. दगडी धक्का मात्र जागचा हलत नाही. दोर आखूड असला तर ओहोटीला होडी लोंबकळणार, सैल असला तर धक्क्यावर आपटणार. रात्रभर जागून दोर कोण सांभाळणार?

म्हणून समुद्राच्या तळाशी जड वजन टाकतात. त्याला साखळी, वर तरंगता बोया. होडीचं नाक बोयाला बांधलं की ती पाण्याबरोबर चढते-उतरते, वारा फिरला की आपणच तोंड फिरवते. फक्त खाऱ्या पाण्यात साखळी गंजते. म्हणून परक्या बोयाला होडी बांधण्याआधी तिथल्या नाखव्याला विचारायचंच, "काका, साखळी कधी तपासली?" आणि किनाऱ्यावर जायला दुसरी लहान होडी हवी. आजी बरोबर असली तर मग बघा कसरत!

'मरीना'त धक्काच तरंगता असतो. कोचीला अशी मरीना आहे. वीज, नळाचं पाणी, पाऊल टाकलं की किनारा! भाडं अर्थात जास्त.

मला विचाराल तर शांत हवेत बोयाच बरा. पण पावसाळ्यात? तेव्हा गेटवे-मांडवा लाँचसुद्धा बंद असतात, आणि आपले कोळीबांधव होड्या सरळ किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात.