वीज किती, हे ठीक; नळी किती टिकेल?

बोअरवेलचे केसिंग म्हणजे वरची माती ढासळू न देणारा पाइप, एवढीच आपली ओळख. भूऔष्णिक विजेसाठी खोदलेल्या खोल विहिरीत मात्र सगळी भिस्त त्याच पोलादी नळीवर असते. या विजेचे गोडवे गाताना मेगावॅटचे आकडे दिले जातात, नळीच्या आयुष्याबद्दल कुणी बोलत नाही.

आइसलंडमधील क्राफ्ला येथे २००९ साली साडेचार किलोमीटर खोल जायचे ठरले होते. सुमारे २,१०० मीटरवरच ड्रिल थेट शिलारसात घुसले! पुढे त्या विहिरीतून सुमारे ४५० अंश सेल्सिअसची वाफ मिळाली, दाब १४० बारपर्यंत. कौतुक झाले. २०१२ मध्ये मुख्य व्हॉल्व्ह बिघडला, थंड पाणी सोडून विहीर बंद करावी लागली आणि त्यात केसिंग निकामी झाले.

गंमत अशी, की नळी तुटते ती बहुधा थंड होताना. हजार मीटर मोकळी नळी ३०० अंशांनी तापली, तर साडेतीन मीटरहून अधिक वाढेल. रेल्वेच्या रुळांत त्यासाठी फट ठेवतात. इथे नळीभोवती सिमेंट घट्ट बसलेले, वाढायला जागाच नाही. मग आतला ताण हिशेबाने ७०० मेगापास्कलपर्यंत जातो आणि केसिंगचे साधे पोलाद तर ३८० च्या आसपासच नमते. नमलेली नळी दाबली जाते ती कायमची. पुढे गार पाणी पडले की ती आणखी आखडू पाहते, सिमेंट सोडत नाही आणि आट्यांचे सांधे उपसून निघतात. दोन नळ्यांमधल्या सिमेंटमध्ये पाण्याचा कप्पा राहिला असेल, तर तापून फुगलेले ते पाणी आतली नळी चेपून टाकते.

लडाखमधील पुगा खोऱ्यासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला. तिथली उष्णता क्राफ्लाएवढी नाही, पण पोलादाचा नियम तोच. फुटलेल्या नळीतून खारट, गरम पाणी वरच्या गोड्या पाण्याच्या थरांत मिसळू शकते आणि त्या थंड वाळवंटात पाणी मुळातच तोलून-मापून वापरावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे, की सिमेंटची तपासणी झाल्याशिवाय विहीर तापवू नये. तापवणे-निववणे घाईने न करता दिवसांच्या हिशेबाने करावे आणि प्रत्येक वेळचे तापमान व दाब लोकांसमोर ठेवावेत. यात खर्च वाढेल. तो प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.