प्रेम मुके कोणी केले?

ठाण्यात काय किंवा डोंबिवलीत काय, फ्रेंच शिकणाऱ्या तरुणांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: प्रेम व्यक्त करावे ते फ्रेंचमध्येच, मराठीत त्याला शब्दच नाहीत! आम्ही फ्रेंचचे वैरी नाही. ती अवश्य शिकावी. मात्र नीट शिकावी. ‘ज तेम’ म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे खरे. पण त्याला ‘ब्यँ’, म्हणजे ‘चांगले’, हे क्रियाविशेषण जोडताच प्रेम वाढत नाही, उलट नुसत्या आवडीवर उतरते. आणि लाडात आला की फ्रेंच मनुष्य काय म्हणतो? ‘मों शू’, माझ्या कोबी! ‘मा प्यूस’, माझी पिसू! आमचे ‘सोन्या’, ‘छबकडी’ ज्यांना गावंढळ वाटतात, त्यांना हा कोबी मात्र गोड लागतो. तात्पर्य, गोडवा शब्दकोशात नसतो, वापरात असतो.

पण वडीलधाऱ्यांनीही एवढ्यावर खूश होऊ नये. ‘जेवलास का?’ यात सारे आले, हे त्यांचे समर्थन अर्धेच खरे आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. तेथून पतीस लिहिलेल्या पत्रांत त्यांनी जिव्हाळा लपविला नाही, तसे पूर्वी सोसलेल्या माराचे दुःखही गिळले नाही. मराठी मुकी नाही. मुके झालो आहोत ते आपण. मुलाने ‘ज तेम’ खुशाल शिकावे. परंतु घरी त्याला ‘तू आम्हांला फार प्रिय आहेस’ असे मराठीत कोणी एकदा तरी म्हटले आहे काय?