'ती' की 'तिने'? : 'लाय' आणि 'ले'चा गोंधळ

एका वाचक भगिनीने विचारले आहे, "मुलाच्या रजेच्या अर्जात मी लिहिले, 'ही लाइड इन बेड फॉर टू डेज.' वर्गशिक्षक वाचून हसले. माझे काय चुकले?"

ताई, तुमच्या वाक्याचा अर्थ 'तो दोन दिवस अंथरुणात खोटे बोलत होता' असा झाला. तापाने फणफणलेल्या लेकरावर नाहक आळ आला! पण हसणाऱ्याला तिथल्या तिथे बरोबर रूप विचारायला हवे होते. बरेच जण 'लेड' सांगतात, आणि तेही चूकच.

हे आम्ही ठामपणे सांगू शकतो, कारण ही चूक आम्ही लाल शाईने केलेली आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. नववीच्या चाचणीत 'पुस्तक टेबलावर पडले होते' याचे इंग्रजी विचारले होते. एका मुलीने 'द बुक ले ऑन द टेबल' लिहिले. आम्ही 'ले'वर काट मारली, वर ऐटीत 'लेड' लिहिले आणि एक गुण कापला. त्या एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला. बक्षिसाची कंपासपेटी दुसऱ्या मुलाला मिळाली.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत ती शब्दकोश घेऊन आली. त्यात उत्तरपत्रिका घडी करून ठेवलेली. "टीचर, अब्बा म्हणाले उस्तादांना उलट बोलायचे नाही. मी फक्त दाखवायला आणले." शब्दकोशात सगळे स्वच्छ छापलेले होते. दुसऱ्या दिवशी भर वर्गात आम्ही तिचा गुण परत दिला. कंपासपेटी मात्र त्या मुलाकडून परत मागवेना.

आता मूळ मुद्दा. इथे तीन क्रियापदे एकमेकांत अडकली आहेत. पहिले 'लाय' म्हणजे खोटे बोलणे. त्याचा भूतकाळ सरळ : लाइड, लाइड. दुसरे 'लाय' म्हणजे आडवे होणे, पडून असणे. त्याची रूपे : लाय, ले, लेन. तिसरे 'ले' म्हणजे ठेवणे, अंथरणे, मांडणे. त्याची रूपे : ले, लेड, लेड. खोडी इथेच आहे. दुसऱ्याचा भूतकाळ आणि तिसऱ्याचा वर्तमानकाळ दिसायला अगदी एक. मुलांनी गोंधळू नये तर काय करावे?

मात्र आपल्या मुलांकडे एक किल्ली आहे, जी इंग्रजांच्या मुलांकडे नाही. ती म्हणजे आपला 'ने'. वाक्य मराठीत किंवा उर्दूत भूतकाळात म्हणून पाहा. कर्ता 'ती' असावा, कारण 'मी'ला मराठीत 'ने' लागत नाही. 'ती पलंगावर आडवी झाली', 'वो लेटी' : 'ने' नाही, म्हणून 'शी ले ऑन द बेड'. 'तिने बाळाला पलंगावर निजवले', 'उसने बच्चे को लिटाया' : 'ने' आला, म्हणून 'शी लेड द बेबी ऑन द बेड'. अम्मीने दस्तरखान मांडला, लेड. कोंबडीने अंडे घातले, लेड. कुत्रा उन्हात पडून होता, ले. खोटे बोलण्याला ही कसोटी लावू नका, तिथे 'लाइड' ठरलेलेच आहे.

ही जोडी आपल्याला परकीही नाही. आपण पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चरणे-चारणे म्हणतो, तसेच फार जुन्या काळी 'लाय'पासून 'ले' झाले, 'सिट'पासून 'सेट'. 'फॉल' म्हणजे पडणे, आणि झाड पाडणे म्हणजे 'फेल'. आपण आतला स्वर बदलतो, त्यांच्याकडेही तो बदलला. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही माना वर करतात.

शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारातली इंग्रजी कोनशिला मुलांना वाचायला लावा. त्यावर बहुधा 'लेड बाय' असते. दगड कुणीतरी ठेवला, तो आपण होऊन आडवा झाला नाही! उलट विल्यम फॉकनर या अमेरिकन लेखकाच्या १९३० सालच्या कादंबरीचे नाव आहे 'ॲज आय ले डाइंग'. म्हणजे 'मी मरणशय्येवर पडून होते तेव्हा'. तिथे 'लेड' चालणार नाही.

स्पेलिंगचेही पाहा. 'पे'चे पेड, 'से'चे सेड, तसेच 'ले'चे लेड : एल-ए-आय-डी. 'प्ले'सारखा शेवटी ई-डी लावू नका. आणि -इंग लावताना दोन्ही 'लाय'चे 'लाइंग' होते. तिथे अर्थ संदर्भावरूनच कळतो.

खरे तर बोलताना खुद्द इंग्रजी घरांतही 'आय लेड डाउन' सर्रास ऐकू येते. त्यामुळे बोलण्यात मुलांना फार टोकू नये. पेपरात आणि अर्जात मात्र नियम पाळावा. ताई, तुमचे वाक्य असे हवे होते : 'ही ले इन बेड फॉर टू डेज.' आणि 'तो दोन दिवसांपासून पडून आहे' म्हणायचे असेल तर 'ही हॅज लेन इन बेड फॉर टू डेज.'

या महिन्याचा गृहपाठ, मुलांसोबत अम्मी-अब्बांनीही करावा : १) दादी जेवून थोड्या आडव्या झाल्या. २) खालांनी चटई अंथरली. ३) किल्ली दिवसभर दारातच पडून होती. ४) त्याने वयाबद्दल खोटे सांगितले. चौथ्यात 'ने' पाहून फसू नका. उत्तरे पुढच्या अंकात.