सवलतीचे गुण आणि संसाराचे गणित

परदेशी स्थायिक होऊ इच्छिणारे आपले तरुण देशाची निवड चोखंदळपणे करतात. त्या देशात शहरात राहावे की खेड्यात, याचा विचार मात्र बहुधा मागे पडतो. ऑस्ट्रेलियाने कायद्यानेच तो करावयास लावला आहे. नोव्हेंबर २०१९ पासून तेथे ४९१ क्रमांकाचा व्हिसा दिला जातो. राज्याची शिफारस असल्यास अर्जदारास १५ गुण अधिक मिळतात. त्याबदल्यात सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन या महानगरांबाहेर राहावे लागते आणि कायम वास्तव्याचा अर्ज किमान तीन वर्षांनंतरच करता येतो.

हे बंधन जोडीदारावरही असते, याकडे दुर्लक्ष होते. आडगावी एकाला नोकरी मिळाली तरी दुसऱ्याच्या शिक्षणाचे चीज होईलच असे नाही. असलेली नोकरी गेल्यास दुसरी शेकडो किलोमीटरांवर शोधावी लागते. पर्थ व ॲडलेड ही मोठी शहरेही या नियमानुसार ‘प्रादेशिक’ भागात मोडतात, ही त्यातल्या त्यात सोय.

तरीही खेडे त्याज्य मानण्याचे कारण नाही. न्यू साउथ वेल्समधील वूलगूल्गा येथे शीख शेतकऱ्यांनी केळीच्या बागा पिकवल्या आणि १९६८ मध्ये गुरुद्वारा उभारला. जमीन, श्रम व स्वजनांचा शेजार या तिन्हींच्या आधारे ते तेथे रुजले. आपल्या तरुणांनीही सवलतीच्या गुणांपूर्वी याच तीन गोष्टींचा हिशेब मांडावा; आणि तो पतिपत्नींनी एकत्र बसून मांडावा.