पानझडीचा जमाखर्च

आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकून कसाऱ्याकडे निघालेल्या गाडीतून चैत्रात बाहेर पाहिले, तर रान वाळून गेले की काय, असे वाटते. मुरबाडहून माळशेजकडे जातानाही तेच. साग उघडाबोडका, बुंध्याशी पाचोळ्याचा थर. हेच डोंगर श्रावणात हिरवेगार असतात. हा पोशाखबदल आपण कौतुकाने पाहतो. पण त्यामागे कार्बन डायऑक्साइड वायूचा चोख जमाखर्च चाललेला असतो. शहापूर-मुरबाडच्या रानाबाबत निर्णय घेताना नेमकी हीच वही कोणी उघडत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. पान सूर्यप्रकाशात हा वायू घेऊन अन्न तयार करते, ही जमा. झाड, मुळे आणि मातीतील सूक्ष्म जीव श्वसनावाटे तो परत सोडतात, हा खर्च. जमा पान असेपर्यंतच; खर्च मात्र बाराही महिने. जमिनीतले पाणी आटू लागले, की पानांतून उडणारी वाफ झाडाला परवडत नाही, म्हणून ते पानेच टाकून देते. पुढे पहिल्या सरींनी तापलेली माती भिजते, निजलेले सूक्ष्म जीव जागे होतात आणि मातीतून वायू वेगाने सुटू लागतो. मृद्गंधाने आपण सुखावतो, तेव्हा रानाच्या खाती खर्च पडत असतो. आषाढ-श्रावणात पाने भरपूर, पण आभाळ झाकोळलेले. खरी कमाई पाऊस ओसरल्यावर होते. तेव्हा माती ओली, ऊन स्वच्छ आणि पाने पूर्ण भरलेली असतात.

जगभरची रानेही अशीच श्वास घेतात. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतील या वायूची मोजणी सुरू केली. त्याचे प्रमाण दरवर्षी मे महिन्यात शिगेला पोचते आणि उत्तर गोलार्धातील वनस्पतींनी तो शोषल्यामुळे सप्टेंबरच्या सुमारास तळाला येते. हा चढउतार दहा लाख भागांत सहा-सात भागांचा. मात्र १९५८ मध्ये सुमारे ३१५ असलेले हे प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे. रान आपले काम करते. आपली धुरांडी त्याला पुरे पडू देत नाहीत. भारतातही मध्य प्रदेशात बैतूलजवळच्या सागाच्या जंगलात मनोरा उभारून ही देवघेव मोजली गेली आहे.

आता आपल्याकडचा व्यवहार पाहू. वणव्यात एक किलो वाळलेला पाचोळा जळाला, की दीड किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाचोळा कुजला तरी तो सुटतोच, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. पण कुजताना तो सावकाश सुटतो, काही कार्बन मातीत मुरतो, ओल टिकते. वणवा हे सारे एका दुपारी संपवतो आणि कोवळी रोपेही करपवतो. मोठा साग तगतो, म्हणून हानी नजरेत भरत नाही. भातरोपांसाठी भाजलेला राब शेतापुरता असतो. तो आवरला नाही, तरच त्याचा वणवा होतो.

सरकारी मोजणीतही हे नुकसान सहज दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्था ऑक्टोबर ते डिसेंबरमधील उपग्रहचित्रांवरून वनाच्छादन ठरवते. पानझडी रान तेव्हा पानांत असते, म्हणून ते योग्यच. पण त्या चित्रात मार्चचा वणवा उमटत नाही. वृक्षलागवडीचे आकडे तर पावसाळ्यातले. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडांचा संकल्प सोडला होता.

याच आकड्यांच्या बळावर जुने रान देऊन नवी रोपे घेण्याचा सौदा मांडला जातो. मुरबाडच्या काळू धरणाखाली सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जाते. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे काम थांबवले होते. शहरांना पाणी हवे, हे कोण नाकारील? मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी शहापूरच्या भातसातूनच येते. पण जुन्या रानाच्या मातीत साठलेली पुंजी रोपाला भरून काढायला कित्येक दशके लागतात, आणि तेही ते वणव्यातून वाचले तर.

म्हणून रानाची राखण जुलैच्या खड्ड्यांपासून नव्हे, तर पान गळू लागते तेव्हापासून सुरू व्हायला हवी. जाळरेषा वेळेत साफ व्हाव्यात आणि वणवा विझवायला धावणाऱ्या गावकऱ्यांना त्या चार महिन्यांची मजुरी वेळेवर मिळावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना रान राखण्याचा अधिकार दिला आहेच. त्याला पैशाची जोड हवी.