पाठ झाला, मुले कोठे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. पावसाने धार धरली होती, गंगेला पाणी चढले होते, आणि आम्हां नाशिककरांच्या रिवाजाप्रमाणे जो तो दुसऱ्याला विचारीत होता, "मारुतीला कुठवर लागलं?" दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, ही आमची पूर मोजण्याची पट्टी. अशा वेळी माझी एक जुनी विद्यार्थिनी भिजत दारात उभी राहिली. काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तक्ता. दुसऱ्या दिवशी एका संस्थेत तिची मुलाखत होती आणि तीत इयत्ता पाचवीसाठी पंधरा मिनिटांचा नमुना पाठ द्यावयाचा होता. विषय होता 'नदी'.

तिने पाठटाचण माझ्यापुढे ठेवले. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. सारे जेथल्या तेथे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या हर्बार्टच्या शिष्यांनी पाठाच्या पायऱ्या बांधल्या, त्यांच्यावरून आपले शिक्षक अजून चढउतार करीत आहेत. डाव्या रकान्यात शिक्षकाचे प्रश्न, उजव्या रकान्यात विद्यार्थ्यांची उत्तरे. जी मुले तिने अजून पाहिलीही नव्हती, त्यांची उत्तरे लिहून तयार होती!

मी विचारले, "आणि एखाद्या पोराने भलतंच उत्तर दिलं तर?"

ती हसली. म्हणाली, "सर, तिथं पोरं कुठं असतात?"

वाचकहो, या एका वाक्यासाठी हा लेख लिहावयास बसलो आहे.

नमुना पाठ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संस्थेचे चारपाच पोक्त सभासद आणि मुख्याध्यापक बाकांवर बसतात, क्वचित गुडघे अडकतात, आणि ते पाचवीतली मुले झाले असे सर्वांनी समजावयाचे असते. उमेदवार "बालमित्रांनो" म्हणून हाक मारतो. टक्कल पडलेले एक बालमित्र घड्याळाकडे पाहतात, दुसरे बालमित्र चहा सांगतात. याला आपण शिकवण्याची परीक्षा म्हणतो!

या थट्टेत मीही सामील झालो आहे, हे आधी कबूल करतो. मी नुसता दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. पण कादंबऱ्या लिहितो म्हणून एका संस्थेने काही वर्षांपूर्वी मला भाषेचा जाणकार म्हणून बाकावर बसविले. पहिल्या उमेदवाराचा पाठ घोटून घेतलेल्या खव्यासारखा, कोठे गाठ नाही. दुसरा गोदावरीवर बोलत होता. आमच्यातल्या एकाने खोडी काढली, "गुरुजी, त्र्यंबकहून अरबी समुद्र जवळ, मग गोदावरी पश्चिमेला न जाता पूर्वेला का जाते?" बिचारा थांबला. म्हणाला, "मला आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या पाहून सांगतो." आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि गुण कापले. कापणाऱ्यांत माझाही हात होता.

खरे म्हणजे प्रश्न सोन्यासारखा होता. अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर, आणि ही बाई १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का, तर सह्याद्रीचा कडा पश्चिमेला एकदम तुटतो आणि दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरत जाते. हे उत्तर पुस्तकात मिळते. पण "मला येत नाही, उद्या सांगतो" हे चारचौघांत म्हणण्याचे धैर्य कोणत्या पुस्तकात मिळते? ज्याच्यापाशी ते होते त्याला आम्ही परत पाठविला. तो पुढे कोठे गेला ठाऊक नाही, आणि ही बोच आजही जात नाही.

आता सबंध भरतीकडे पाहा. २०१७ साली आपल्या राज्यात शिक्षकांसाठी अभियोग्यता चाचणी सुरू झाली; दोन तासांत २०० प्रश्न. पुढची चाचणी आली २०२३ साली. दरम्यान किती उमेदवारांची उमेद ओसरली असेल! चाचणीत समोर संगणक, मुलाखतीत समोर समिती. मूल कोठेच नाही. प्रशिक्षणातल्या सराव-पाठांना मुले असतात, हे खरे. पण ज्या दिवशी भाकरीचा निकाल लागतो, नेमकी त्या दिवशी त्यांना सुट्टी! आणि भाकरी तरी केवढी? प्राथमिक शिक्षणसेवकाला तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. ते २०२३ साली ६००० चे १६००० झाले तेव्हा आम्हीच पेढे वाटले.

कोणी म्हणेल, मुलांवर प्रयोग नको. अहो, न पारखता नेमलेला शिक्षक तीस वर्षे वर्गावर उभा राहतो, तो प्रयोग नव्हे काय? कोणी म्हणेल, समितीला वेळ नसतो. घरी मोलकरीण ठेवताना आपण चार दिवस तिचे काम पाहतो. मुलांच्या गुरूसाठी एक तासिका जड होते? आणि वशिल्याचे म्हणाल, तर पाच मोठी माणसे खोटी मान डोलावू शकतात. पाचवीतल्या चाळीस पोरांना कंटाळा लपविता येत नाही. वशिल्याला याहून मोठी अडचण कोणती?

म्हणून माझे मागणे साधे आहे. उमेदवाराला खरा वर्ग द्या, पूर्ण तासिका द्या. तक्ता किती रंगीत यापेक्षा पोरांनी किती प्रश्न विचारले ते मोजा. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना विचारा, "काल काय ऐकलंत?" जे उरले असेल तेवढेच शिकवले गेले.

त्या सायंकाळी मी त्या मुलीला म्हटले, "हा तक्ता ठेव बाजूला. 'आज मारुतीला पाणी कुठवर लागलं?' इथून सुरुवात कर. पोरं आपोआप नदीत उतरतील."

तिचे डोळे क्षणभर चमकले. मग ती हळूच म्हणाली, "सर, पोरं उतरतील हो. पण पोरं नाहीत ना. प्रस्तावनेचे गुण जातील. यंदा नोकरी लागली नाही तर घरी काय सांगू?"

मजजवळ उत्तर नव्हते. तिचा तक्ता कोरडा राहावा म्हणून मी आणखी एक पिशवी तेवढी दिली.

वाचकहो, फराळाची ताटे पुढे आहेत, मुले फटाक्यांच्या नादात आहेत. कडू बोलण्याची ही वेळ नव्हे. पण सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा पालक म्हणून एकदा शाळेत जा आणि विचारा, "आमच्या मुलाच्या बाईंना तुम्ही निवडलं, तेव्हा समोर एक तरी मूल होतं का?"