खबरी होता काय ?

गडचिरोलीच्या जंगलांत नक्षलवादी रात्रीं एखाद्या गांवकऱ्यास घरांतून उचलून नेत, सकाळीं रस्त्यावर प्रेत व चिठ्ठी सांपडे, कीं कुरखेड्याच्या बाजारापासून नागपुरच्या दिवाणखान्यापर्यंत एकच कुजबूज : 'खरेंच खबरी होता काय हो ?' त्याचें घर कोणीं दाखविलें, हें मात्र कोणी विचारीत नसे ! 1 मे 2019 रोजीं कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथें भूसुरुंगानें 15 पोलीस व त्यांचा वाहनचालक ठार झाले; तेव्हां त्यांचा अपराध काय, असें कोणी पुसलें नाहीं. मग आदिवासी शेतकऱ्याच्याच प्रेताची उलटतपासणी कां ?

पोलिसांचें पत्रकहि पुष्कळदां सांगे, मयत आमचा खबरी नव्हता. असता तर ? खुनाची खबर देणें हें फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 39 व्या कलमानें नागरिकाचें कर्तव्यच होतें. 1 जुलै 2024 पासून तें नागरिक सुरक्षा संहितेच्या 33 व्या कलमांत आहे. कुटुंबास पुन्हां धोका नको, हा हेतु असेल. तो आम्हांस कळतो. परंतु त्या खुलाशानें मारेकऱ्यांचा दंडकच मान्य होतो. पत्रकांत एवढेंच असावें : एका नागरिकाचें अपहरण होऊन खून झाला, आणि तपास येथवर आला आहे.